यात्रिकक्रमण

यात्रिकक्रमण : (१८४१). जॉन बन्यन (१६२८–८८) ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस (भाग पहिला १६७८, दुसरा १६८४) ह्या रूपककथेचा हरि केशवजी पाठारे ह्यांनी केलेला मराठी अनुवाद. राजमान्य चर्चबाहेर उपदेश केल्यामुळे बन्यनला १६६० पासून सुमारे बारा वर्षे तुरुंगवास घडला. त्या अनुभवाची छाया ह्या ग्रंथावर आहे.

पाठीवर पापाचे ओझे घेतलेला यात्रिक घरदार सोडून विनाशनगरीतून स्वर्गीय नगरीकडे निघतो. निराशेची दलदल, क्रुसापाशी गळून पडणारे ओझे, मायाबाजारात सहप्रवाशाला मिळणारा देहदंड, संशयदुर्ग आणि अखेरची मृत्युनदी हे त्याच्या वाटेवरील प्रमुख टप्पे होत. नीतितत्त्वे येथे माणसे होऊन बोलतात. तथापि त्यांची बोली गावातल्या माणसांची असल्याने रूपक कोरडे होत नाही.

मराठी वाचकाला आध्यात्मिक रूपक अपरिचित नव्हते. एकनाथांच्या भारुडांत कामक्रोध विंचू होऊन डसतो. बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथील दासोपंतांनी (१५५१–१६१५) कापडी पासोडीवर पंचीकरण लिहून देह आणि तत्त्वे ह्यांची उकल केली. परंतु दोन्ही परंपरांतील भेद मूलगामी आहे. पंचीकरणात आत्म्याला कोठे जावयाचे नसते. अज्ञानाचा पडदा दूर होताच तो स्वस्थानीच असल्याचे कळते. बन्यनच्या यात्रिकाला मात्र प्रत्यक्ष वाट चालावी लागते आणि ती चुकू शकते. स्वर्गद्वारापर्यंत पोहोचलेला ‘अज्ञान’ तेथूनच नरकात लोटला जातो. ह्या धास्तीमुळे कथेला ताण लाभतो. पण तिची कठोरताही येथेच जाणवते. बायकामुलांचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोटे घालून धावणारा नायक कुटुंबवत्सल वाचकाला सहज आपला वाटणे कठीण. दुसऱ्या भागात त्याची पत्नी मुलांसह त्याच वाटेने निघते, तेव्हा ही उणीव अंशतः भरून निघते.

अनुवादाचे महत्त्व केवळ धर्मप्रसारापुरते नाही. मराठी कादंबरी अद्याप जन्मास यावयाची असताना एका व्यक्तीचा प्रवास हे दीर्घ गद्यकथेचे सूत्र त्याने मराठीत आणले. बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटनातही (१८५७) प्रवास आहे. मात्र तेथे वाटेवर भेटतात त्या हिंदू विधवा आणि त्यांची दुःखे. आत्म्याच्या वाटेवरून समाजाच्या वाटेवर झालेले हे वळण मराठी कादंबरीच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरले.