ग्रामनियोजनाचे नकाशे : काय दिसते, काय निसटते

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा नकाशावर मांडता यावा म्हणून केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २०१९ मध्ये ‘ग्राम मानचित्र’ ही संगणकीय सोय उपलब्ध करून दिली. पाठोपाठ २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. एके काळी १:५०,००० प्रमाणाचा सर्वेक्षण नकाशा मिळवणे हीच मोठी खटपट होती. त्या मानाने ही प्रगती मोठी आहे, आणि आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु नकाशा संगणकावर आला म्हणजे तो बिनचूक झाला, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

पहिला प्रश्न अंतराचा. शाळेची सोय कोणत्या वस्त्यांना आहे हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे नकाशावर शाळेभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढणे. समजा, एक वाडी शाळेपासून सरळ रेषेत ७०० मीटरवर आहे. पण मध्ये ओढा आहे आणि त्यावरचा साकव दीड किलोमीटर वरच्या अंगाला आहे. मुलांना तीन किलोमीटरांहून अधिक चालावे लागेल. वर्तुळ मात्र सांगेल, शाळा जवळच आहे! शिक्षणहक्क कायद्याचे २०१० चे केंद्रीय नियम याबाबतीत अधिक शहाणे आहेत. पहिली ते पाचवीसाठी त्यांत एक किलोमीटर हे चालत जाण्याचे अंतर म्हणून सांगितले आहे. पूर, दरडी किंवा रस्त्याचा अभाव असेल तेथे ही मर्यादाही कमी करावी, असे म्हटले आहे. वाटेवरून अंतर मोजण्याची सोय भौगोलिक माहिती प्रणालीत आहेच. पण त्यासाठी वाट आधी नकाशावर हवी.

येथेच दुसरी अडचण येते. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे अडीच मीटर. मीटरभर रुंदीची पायवाट त्यात क्वचितच ओळखू येते. नंतरच्या उपग्रहांचे ठिपके एक मीटरहून लहान असले, तरी दाट झाडीखालची वाट त्यांनाही दिसत नाही.

तिसरी अडचण ऋतूची. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना ढगांपलीकडचे दिसत नाही. म्हणून नकाशासाठी बहुधा कोरड्या महिन्यांतले निरभ्र चित्र निवडतात. भरलेला ओढा, तुटलेली वाट हे जून ते सप्टेंबरमधले गाव त्यात नसते. आणि वाडीला शाळा व दवाखाना दुरावतो तो नेमका त्याच दिवसांत. रडार उपग्रह ढगांतून पाहू शकतात, पण ओढ्यातली पायवाट चालू आहे की बंद, हे त्यांच्या चित्रावरून कळत नाही.

ही माहिती गावातच असते. केरळमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी भूविज्ञान अभ्यास केंद्र आणि केरळ शास्त्र साहित्य परिषद यांनी स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने पंचायतींचे साधनसंपत्ती-नकाशे तयार केले होते. शिक्षकांना याची छोटी आवृत्ती सहज करता येईल. गावाच्या उपग्रहचित्राची छापील प्रत घ्यावी. प्रत्येक मुलाने घरापासून शाळेपर्यंतची वाट तिच्यावर आखावी, पावलांनी अंतर मोजावे आणि पावसाळ्यात बंद पडणारी जागा लाल रंगाने दाखवावी. भूगोल आणि गणित दोन्ही त्यात येतात. मग तो कागद ग्रामसभेत आराखड्याच्या नकाशाशेजारी ठेवावा. पुढचा साकव कोठे हवा, याची चर्चा तेथून सुरू व्हावी.