त्या रात्रीचे मुख्य कलाकार

४ जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या दिवशी दोनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्याच रात्री लंडनच्या राउंडहाउसमध्ये दोन अमेरिकी बँड वाजवत होते. राउंडहाउस म्हणजे मुळात रेल्वे इंजिनांची जुनी गोल शेड. पंक संगीताच्या इतिहासात ही मैफल हटकून येते, कारण न्यूयॉर्कच्या रमोन्सचे ते लंडनमधले पहिले वादन. मीही रमोन्सचाच माग काढत या तारखेपाशी पोहोचलो. तिथे कळले की त्या रात्री रमोन्स आधी वाजवणाऱ्यांपैकी होते. मुख्य कलाकार होते सॅन फ्रान्सिस्कोचे फ्लेमिन ग्रूव्हीज.

हे नाव मी तोवर कधी वाचले नव्हते. ज्यांच्या नावावर मैफल होती, ते इतिहासातून गळाले कसे, या कुतूहलापोटी त्यांचा १९७६चाच ‘शेक सम अॅक्शन’ हा अल्बम मिळवला. पहिल्याच गाण्याला वाटले, १९६५ सालची एखादी हरवलेली ध्वनिमुद्रिका लागली आहे. घंटेसारख्या किणकिणणाऱ्या गिटारी, दोन-तीन आवाजांची एकत्र सुरावट, लगेच ओठांवर येणारी चाल. इंग्रजीत याला ‘पॉवर पॉप’ म्हणतात. हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंड यांनी १९६७ साली आपल्याच संगीताविषयी वापरला होता. पॉपचा गोडवा आणि रॉकचा जोर एकाच गाण्यात, इतका त्याचा साधा अर्थ.

ग्रूव्हीजबद्दलचा रूढ शेरा असा, की ते बीटल्सची नक्कल करणारे, काळाच्या मागे राहिलेले लोक. शेऱ्याला आधार आहे. ते १९६४च्या बीटल्ससारखे एकसारखे सूट घालत. या अल्बममध्ये बीटल्सचे १९६३चे ‘मिझरी’ गायलेही आहे. पण शेजारी रमोन्सना उभे करून पाहा. त्यांचे नावच पॉल मॅकार्टनी यांनी एकेकाळी घेतलेल्या ‘पॉल रमोन’ या टोपणनावावरून आलेले. त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १९६२चे ‘लेट्स डान्स’ आहे. तोही अल्बम १९७६चा आणि दोन्ही अल्बम ‘सायर’ या एकाच कंपनीचे. म्हणजे कंपनी एक, वर्ष एक, मंच एक आणि मागे वळून पाहिले तेही एकाच दशकाकडे. तरीही एक बँड नवा ठरला आणि दुसरा जुनाट.

फरक होता तो मागे पाहण्याच्या रीतीत. रमोन्सनी साठच्या दशकातले गाणे सोलले, दोन मिनिटांत बसवले, वेग वाढवला. मोडतोड डोळ्यांना दिसते, म्हणून इतिहासकाराला ती टिपता येते. ग्रूव्हीजनी तेच घर पुन्हा बांधले. पुन्हा बांधण्यात काय बदलले, हे ऐकायला कान द्यावा लागतो.

शीर्षकगीतच घेऊ. सिरिल जॉर्डन आणि ख्रिस विल्सन यांचे हे गाणे मुद्रित झाले १९७२मध्ये, वेल्समधल्या रॉकफील्ड या शेतावरच्या स्टुडिओत. निर्माते होते डेव्ह एडमंड्स. ते श्रोत्यांपर्यंत पोहोचायला चार वर्षे लागली. एडमंड्सनी गिटारींवर गिटारी चढवून असा दाट, घुमणारा ध्वनी उभा केला आहे, की गाणे बंद दारापलीकडून येत असल्यासारखे वाटते. सुरुवातीच्या बीटल्समध्ये हा धूसरपणा नाही. तिथे सगळे आत्ता, समोर घडते. इथे गाणारा म्हणतो की कधीतरी तुझ्यापर्यंत यायची वाट शोधीन. चाल उत्साहाची आणि ध्वनी अंतराचा, हा ताण साठच्या दशकातल्या गाण्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते दशक संपल्यावरच तो सुचू शकतो. म्हणून या गाण्याला मी नक्कल म्हणायला तयार नाही.

सगळीच कामगिरी या उंचीची नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या ‘नाऊ’ (१९७८) या अल्बममध्ये रोलिंग स्टोन्स, बीटल्स, बर्ड्स यांची गाणी ओळीने येतात. वादन नेटके आहे, पण ते पाठांतर वाटते. मूळ गाणे आठवते आणि तेच पुन्हा लावावेसे वाटते. ‘शेक सम अॅक्शन’ ऐकताना तसे होत नाही. उसनी भाषा आणि उसने वाक्य यांतला फरक एकाच बँडच्या दोन अल्बममध्ये इतका स्पष्ट क्वचितच ऐकू येतो.

हा प्रश्न मला एका बँडपुरता वाटत नाही. आपल्याकडेही साठोत्तरी काळापासून नवता हे समीक्षेचे मोठे माप झाले. त्या मापाने बरेच काही नेमके मोजले गेले, पण ज्यांनी परंपरेच्या आत राहून एखादी बारीक गोष्ट हलवली, ते त्यातून निसटले. मी संगीत कुणापाशी रीतसर शिकलो नाही. रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकून, ताल टेबलावर बोटांनी वाजवून जे उमगले तेवढेच. अशा माणसाला नक्कल हा दोष वाटत नाही, ती त्याची पहिली शाळा असते. विचारायचे ते इतकेच, की शाळेतून बाहेर पडताना त्याच्या हाती स्वतःचे काय होते.

ग्रूव्हीजच्या हाती निदान एक गाणे होते. वाचकांनी १९७६चे ते दोन्ही अल्बम एका बैठकीत ऐकावेत, आधी रमोन्स आणि मग ग्रूव्हीज. त्या रात्री राउंडहाउसमध्येही क्रम तोच होता.