निरोपाचे शब्द आणि सेवामुक्तीचे शब्द

निरोपाची सूत्रे नित्य उच्चारली जातात, म्हणूनच त्यांच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ मध्ये केवळ संबंध टिकविण्यासाठी होणाऱ्या ज्या भाषणव्यापाराचे वर्णन केले, त्यात क्षेमकुशलाच्या शब्दांबरोबर निरोपाच्या शब्दांचीही गणना करता येईल. तथापि ज्या निरोपाने व्यक्तीच्या आयुष्यातील एक संपूर्ण कालखंड संपतो, तेथे ही सूत्रे अपुरी पडतात आणि समाजाला निराळी वाणी घडवावी लागते. मॉर्मन मिशनच्या अखेरीस घेतला जाणारा निरोप हे अशा वाणीचे अभ्यसनीय उदाहरण होय.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेल्या या पंथात तरुणांनी ठराविक मुदतीची प्रचारसेवा करावयाची प्रथा आहे. तरुणांची मुदत २४ महिन्यांची, तरुणींची १८ महिन्यांची. १९८२ मध्ये तरुणांची मुदतही १८ महिन्यांवर आणली गेली होती. १९८४ मध्ये ती पूर्ववत् करण्यात आली. २०१२ मध्ये तरुणांचे किमान वय १९ वरून १८ करण्यात आले. या काळात मिशनरी सदैव जोडीदारासह राहतो, आणि त्याचे पहिले नाव व्यवहारातून लुप्त होते. तो 'एल्डर' अमुक किंवा ती 'सिस्टर' अमुक. 'एल्डर' म्हणजे वडीलधारा. अठरा वर्षांच्या मुलास ही पदवी लागते, यातील विसंगती बाहेरच्यास जाणवते, आतल्यास जाणवत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळींत हा शब्द भाषांतरित न होता 'एल्डर' असाच राहिला आहे. म्हणजे तो आता विशेषण नसून जवळजवळ नामाचाच भाग झाला आहे. मिशनचा निरोप हा म्हणूनच केवळ स्थळाचा व माणसांचा निरोप नव्हे. तो एका नावाचाही निरोप असतो.

या निरोपाची रचना पाहू गेल्यास तिचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे दिसतात. पहिला भाग सेवाक्षेत्रात घडतो: मिशनच्या अध्यक्षाशी अखेरची मुलाखत, सहकाऱ्यांसमोर दिलेली अखेरची 'साक्ष', ओळखीच्या कुटुंबांच्या भेटी. दुसरा भाग घरी परतल्यावर घडतो. तेथील 'स्टेक' नामक विभागाचा अध्यक्ष त्यास सेवेतून मुक्त करतो आणि त्यानंतर छातीवरील काळी नामपट्टिका उतरते. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत (ग्रंथरूपाने १९६२) ज्या उक्तींना कृतिरूप म्हटले, त्यांचे हे शुद्ध उदाहरण आहे. अधिकारी व्यक्तीने शब्द उच्चारले की मिशनरी मिशनरी राहत नाही. उच्चारले नाहीत तोवर अश्रू ढाळून झाले, विमान उतरले, आई भेटली, तरी तो मिशनरीच असतो. निरोप आणि मुक्ती यांच्यामधील हे काही तासांचे अंतर विलक्षण आहे. व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींत जी मधली अवस्था दाखविली, ती येथे प्रवासाच्या आसनावर बसलेली दिसते: माणसे मागे राहिली आहेत, नियम मात्र सोबत आहेत.

पहिल्या भागातील अखेरची साक्ष हा एक निश्चित वाङ्मयप्रकार मानावयास हरकत नाही. त्याची पूर्वपीठिका दूरची आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेतो. तो आपल्या सेवेचा हिशेब देतो, पुढील संकटांची सूचना देतो, गुडघे टेकून प्रार्थना करतो. आणि त्याचे मुख पुन्हा दिसणार नाही या शब्दाने ते सारे अधिक शोकाकुल होतात. मॉर्मन ग्रंथातही राजा बेंजामिनचे भाषण व मोरोनीचे शेवटचे प्रकरण याच जातीचे आहेत. तरुण मिशनऱ्याच्या साक्षीत हिशेब येतो, श्रद्धेची ग्वाही येते, कृतज्ञता येते. परंतु पौलाच्या निरोपातील जो कठोर गाभा, म्हणजे पुन्हा भेट नाही हे उघड सांगणे, तो मात्र बहुधा गळून पडतो. त्याची जागा पुनर्भेटीच्या आश्वासनाने घेतलेली असते. या पंथात प्रचलित असलेले 'गॉड बी विथ यू टिल वुई मीट अगेन' हे गीत मुळात काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक जेरमाया रँकिन यांचे. 'गुडबाय' या शब्दात देव तुमच्याबरोबर असो हे वाक्य आक्रसून बसले आहे, ही व्युत्पत्ती समोर ठेवूनच त्यांनी ते रचले. झिजलेल्या सूत्राला त्यांनी त्याचा मूळ अर्थ परत दिला. मराठी माणूसही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. पण त्याचे येणे शिष्टाचारापुरते असते, मॉर्मन निरोपातील पुनर्भेट सिद्धान्ताचा भाग असते.

सिद्धान्ताने दुःखाला उत्तर दिले म्हणजे दुःखाचा उच्चार करण्याची गरज संपली असे मात्र होत नाही. तो उच्चार कोठे गेला, हे पाहावयाचे तर मिशनऱ्यांच्या आपसांतील बोलीकडे वळावे लागते. इंग्रजीभाषक मिशनऱ्यांच्या बोलीत सेवा संपणे म्हणजे 'मरणे'. शेवटचा जोडीदार त्यास 'मारतो'. पहिल्या क्षेत्रात तो 'जन्मलेला' असतो, आणि ज्याने शिकविले तो त्याचा 'बाप'. ज्याचे मन मुदतीपूर्वीच घराकडे लागले तो 'ट्रंकी', म्हणजे मनाने ट्रंक भरून बसलेला. ही थट्टा आहे हे खरे. पण थट्टेचा विषय ज्या क्रमाने रचला आहे तो क्रम पाहावा. जन्म, पितृत्व, मृत्यू असे एक संपूर्ण आयुष्य त्यात मांडलेले आहे. अधिकृत भाषेत सेवा ही सोपविलेली व परत घेतली जाणारी गोष्ट आहे. बोलीभाषेत मात्र ते आयुष्य आहे, आणि ते संपते. अधिकृत साक्षीने जे म्हणावयाचे टाळले, ते विनोदाच्या आडोशाने बोलीने म्हटले आहे. या दोहोंत अधिक सत्य कोणते, हा प्रश्न गैर आहे. एकाच वक्त्याला दोन्हींची गरज पडते, हे महत्त्वाचे.

या वाणीत दोन उणिवा मात्र स्पष्ट आहेत. पहिली उणीव मुदतीपूर्वी परतणाऱ्याविषयीची. आजारपणामुळे जो मध्येच परततो, त्यालाही सन्मानाने मुक्त केले जाऊ शकते. परंतु निरोपाचे सारे प्रकार पूर्ण झालेल्या हिशेबावर बेतलेले आहेत. अपूर्ण हिशेब कोणत्या शब्दांत द्यावा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. बोलीच्या रूपकातही त्याला जागा नाही, कारण तेथे मरण वेळेवरच येते.

दुसरी उणीव मागे राहणाऱ्यांविषयीची. या निरोपाचे जवळजवळ सर्व शब्द निघणाऱ्याच्या तोंडचे आहेत. टोंगन भाषेत निरोपाचे शब्दच दोन आहेत: निघणाऱ्यास उद्देशून 'आलू आ', राहणाऱ्यास उद्देशून 'नोफो आ'. बोलणारा कोणाशी बोलतो आहे, जाणाऱ्याशी की राहणाऱ्याशी, हे तेथे व्याकरणालाच ठाऊक असते. जॉन ग्रोबर्ग यांनी १९५० च्या दशकात टोंगात सेवा केली आणि १९९३ मध्ये तिच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांवर २००१ मध्ये चित्रपटही निघाला. पुढे ते मिशनचे अध्यक्ष होऊन त्याच बेटांवर परतले. अशी पुनर्भेट थोड्यांच्याच वाट्यास येते. एरव्ही दीक्षा घेतलेले कुटुंब त्याच गल्लीत राहते आणि त्याच्या दाराशी काही काळाने दुसरा 'एल्डर' येतो.

महाराष्ट्रापुरतेही याचे एक जुने उदाहरण आहे. १८५२ मध्ये ह्यू फिन्डले हे मॉर्मन प्रचारक मुंबईस आले, पुण्यास राहिले, मराठी शिकण्याचा त्यांनी यत्न केला, आणि काही वर्षांतच ते मिशन आटोपले गेले. त्या काळी मुदतही ठरलेली नसे. निघणाऱ्यांच्या हकीकती पंथाच्या इतिहासात नमूद झाल्या; मागे राहिलेल्या मोजक्या माणसांनी कोणत्या शब्दांत निरोप दिला, हे त्या इतिहासाने विचारलेले दिसत नाही.

निरोपाच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना निघणारा किती उत्कटपणे बोलला, एवढेच पाहणे म्हणूनच पुरेसे नाही. ज्याला मागेच राहावयाचे आहे त्याच्यासाठी त्या बोलण्यात एखादा शब्द होता की नाही, हीही कसोटी लावली पाहिजे. मॉर्मन मिशनच्या निरोपाने मुक्तीचे शब्द काटेकोरपणे घडविले आहेत, पुनर्भेटीचे शब्दही घडविले आहेत. 'नोफो आ' या तोलाचा शब्द त्यास अद्याप घडवावयाचा आहे; आणि जेथे एखादा मिशनरी ठरीव साक्ष बाजूस ठेवून दारात उभ्या असलेल्या कुटुंबाची नावे एकेक करून घेतो, तेथे तो घडू लागलेला असतो.