वसंतसेनेचें बोलणें

देवलांच्या 'मृच्छकटिक' नाटकामुळें वसंतसेना मराठी कुटुंबांत परकी राहिलेली नाहीं. तिची प्रीति व तिचें औदार्य यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ती गणिका होती, आणि आलेल्या पुरुषाचा संकोच घालवून त्याच्याशीं गोड बोलणें हा गणिकेच्या व्यवसायाचाच भाग होता, ही गोष्ट टीकाकार चटकन् ओलांडून जातात. वर्गांत हें नाटक शिकवितांना आम्हींही वर्षानुवर्षें तेंच केलें.

या व्यवसायाचें शास्त्र होतें. पाटलिपुत्राच्या गणिकांच्या सांगण्यावरून दत्तकानें हा विषय स्वतंत्रपणें मांडला, असें वात्स्यायन सांगतो. 'कामसूत्रा'चें सहावें अधिकरण त्यालाच वाहिलेलें आहे. पुरुषाला घरीं आणावयाचें तें मेंढ्यांची अगर कोंबड्यांची झुंज पाहण्याच्या, किंवा पोपट-मैनेचें बोलणें ऐकण्याच्या निमित्तानें. तो शिंकला तर 'जीव' म्हणावें. त्याच्यापुढें दुसऱ्याचे गुण गाऊं नयेत. आणि जो दोष त्याच्या अंगीं आहे, त्याबद्दल इतरांचीही निंदा करूं नये. हा शेवटचा नियम ज्याला सुचला त्याला मनुष्यस्वभाव कळला होता, यांत संशय नाहीं. आपल्या दिवाणखान्यांतील किती सभ्य गृहस्थ तो पाळतात?

हें सारें कपटच, असें कोणी म्हणेल. पण असल्या बोलण्याची मागणी करणारा त्या दोषांतून सुटतो कसा? पहिल्या अंकांत शकार पाठीस लागला असतां विट वसंतसेनेला समजावितो, कीं तळ्यांत विद्वान् न्हातो तसा मूर्खही न्हातो, वेल मोराच्या भारानें वाकते तशी कावळ्याच्याही वाकते. गणिकेनेंही सर्वांशीं सारखेंच वागावें. वसंतसेना उत्तर देते, कीं अनुराग गुणांनीं उपजतो, बळजबरीनें नव्हे.

याचा खरा प्रत्यय पुढें येतो. चौथ्या अंकांत मैत्रेय रत्नमाला घेऊन येतो. ती उठून त्याचें स्वागत करते, आसन देते, चारुदत्ताचें कुशल विचारते. येथवर सर्व रीतीप्रमाणें झालें. परंतु रत्नमाला हातीं येतांच संध्याकाळीं चारुदत्ताकडे येण्याचा निरोप देऊन ती मोकळी होते. पांचव्या अंकांत मैत्रेय कुरकुरतो, कीं एवढें वैभव असून तिनें साध्या पाण्यालासुद्धां विचारलें नाहीं! यांत आजवर खादाड विदूषकाचा विनोदच पाहिला गेला. आम्हांस तेथें अधिक कांहीं दिसतें. आदरातिथ्य हाच जिचा धंदा, तिला पाणी विचारण्याचेंही भान राहिलें नाहीं, याहून तिच्या प्रीतीचा मोठा पुरावा कोणता?

मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. वसंतसेनेला स्वतःचें बोलणें देण्यासाठीं शूद्रकाला तिला व्यवसायाबाहेर काढावें लागलें. दहाव्या अंकांत ती वधू होते. जी त्या घरांतच राहिली तिचें काय? आठव्या शतकांतील काश्मीरचा दामोदरगुप्त 'कुट्टनीमतां'त वाराणसीच्या मालतीला वृद्ध विकरालेकडून पुरुषाशीं काय बोलावें हें शिकवितो. मालतीला स्वतःला काय बोलावयाचें होतें, हें तोही सांगत नाहीं. सर्वांना बरें वाटावें म्हणून जी बोलत राहिली, तिला कोणी दोन शब्द विचारले काय? वसंतसेनेची स्तुति करतांना रसिकांनीं हा प्रश्न विसरूं नये.