कागदावरचे दारूकाम

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या वह्या बाजूला सारून मी दरवर्षी एक जुनी पुस्तिका वाचावयास घेतो. परशुराम कृष्ण गोडे यांचा १४०० ते १९०० या काळातील भारतीय दारूकामाच्या इतिहासावरचा हा इंग्रजी निबंध १९५३ साली बंगलोरला प्रसिद्ध झाला. पहिल्या वेळी कोश शेजारी ठेवून तो वाचला, आणि तोही भुईनळ्याच्या वेडापायी. इतिहासाची गोडी मागाहून लागली.

गोडे हे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर. तारखेवाचून ते पाऊल टाकीत नाहीत. १४४३ साली विजयनगरचा उत्सव पाहणाऱ्या अब्दुर रझाकला ते साक्षीला आणतात, एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातली आतषबाजी आणतात, आणि ही विद्या १४०० च्या सुमारास चीनकडून आली असावी असा कौल देतात.

माझे मन मात्र अडकते ते 'कौतुकचिंतामणी'त. १४९७ साली ओरिसाच्या गादीवर आलेल्या गजपती प्रतापरुद्रदेवाचा हा संस्कृत ग्रंथ. त्यात दारूकामाची नावे आहेत : चंद्रज्योती, पुष्पवर्ती, छुछुंदरीरसबाण! शेवटचे नाव वाचून मी एकटाच हसलो. अहो, ही तर आमच्या अंगणात पायांमधून पळणारी चिचुंद्री!

त्याच ग्रंथात सोरा, गंधक, कोळसा, पोलादाचा कीस यांच्या पंक्तीला भाताची पेज येऊन बसते. ती कशासाठी, हे यादी सांगत नाही. ज्याचे हात भुकटीने काळे झाले आहेत त्याला विचारा. पेज म्हणजे खळ. तिच्यामुळे भुकटी धरून राहते.

मला हे थोरल्या चुलतभावाने शिकविले. सोरा सर्दला की भुईनळा नुसता फुरफुरतो, कीस गंजला की फुले मंदावतात, हेही त्याचेच. एका दिवाळीत खलात बत्ता जरा जोराने फिरला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. गावातल्या लग्नपत्रिका तोच लिहीत असे. पुढे डाव्या हाताने लिहू लागला. अक्षर पुन्हा तसे आले नाही.

म्हणून पेशव्यांच्या बखरीतला उतारा आला की मी चिडतो. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याची दिवाळी वर्णून सांगितली, आणि मग पर्वतीजवळ दारूची लंका उभी राहिली. मारुतीचे शेपूट पेटले, घरे जळली. बखरीत पेशवे आहेत, शिंदे आहेत. त्या शेपटात दारू ठासणारा कोठे आहे? गोडे मला पेशव्यांपर्यंत नेतात, त्याच्यापर्यंत नेत नाहीत. ही तक्रार अन्यायाची आहे, हे मला कळते. कागदावर जे नाही ते कागदाचा पंडित कोठून आणणार? तरी ती करतो.

गेल्या दिवाळीत भावाचा धाकटा ही पुस्तिका मागू लागला. मी त्याला चिचुंद्रीचे नाव दाखविले आणि प्रमाणांचे पान भरकन उलटले. बाजेवरून भाऊ म्हणाला, "पेजेचं सांगितलंस का रे त्याला?"