मोठ्यांवाचूनचे घर



मुलगी वेलिंग्टनला असते, म्हणून यंदा दोन महिने न्यूझीलंडला राहून आले. जुलै-ऑगस्ट म्हणजे तिकडे ऐन थंडी. पाच वाजता काळोख, आणि वारा असा की दार उघडले तर दोघांनी मिळून लावावे लागते. मग संध्याकाळी करायचे काय? माझी नात आता पस्तिशीची आहे. ती रोज जेवणानंतर तिच्या लेकीला, म्हणजे माझ्या पणतीला, एक जुनी मालिका लावून देई. मीही शाल घेऊन शेजारी बसू लागले. नाव ‘द ट्राइब’, म्हणजे टोळी. 1999 ते 2003 या काळात ती तयार झाली, तीही वेलिंग्टनमध्येच. क्लाउड 9 नावाच्या कंपनीने काढली, रेमंड थॉम्पसन आणि हॅरी डफिन यांनी रचली, आणि इंग्लंडच्या चॅनेल 5 वर दाखवली गेली. पाच पर्व, प्रत्येकाचे 52 भाग, एकूण 260.

नातीने ती दहा-अकरा वर्षांची असताना पाहिली होती. इतक्या वर्षांनी तिला सगळ्या पोरांची नावे पाठ. कोण कधी आला, कोण कोणावर का रुसला, सगळे. तिला शाळेतल्या बाईंची नावे आठवत नाहीत, हे मी मुद्दाम विचारून पाहिले. तेव्हा मला कुतूहल वाटले की या मालिकेने असे काय बांधून ठेवले?

गोष्ट सांगते. एका रोगाने जगातली सगळी मोठी माणसे मेली आहेत. उरली ती फक्त मुले. शहर ओस, दिवे नाहीत, दुकाने लुटलेली. मुलांनी टोळ्या केल्या आहेत, चेहरे रंगवले आहेत, आणि एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. त्यातली काही मुले एका बंद पडलेल्या मोठ्या मॉलमध्ये आसरा घेतात. ती आपली गोष्ट. विज्ञानकथा म्हणायची ती एवढ्यासाठी की रोग आहे, रोगावरच्या औषधाचा शोध आहे, आणि पुढे पुढे यंत्रे येतात. पण उडत्या तबकड्या वगैरे काही नाही. मला तरी ही विज्ञानकथा कमी आणि बिऱ्हाडाची गोष्ट जास्त वाटली.

हे बिऱ्हाड जमते कसे ते पाहण्यासारखे आहे. सालीन नावाची मुलगी तीन लहानग्यांना आणि बॉब नावाच्या कुत्र्याला सांभाळत आलेली. अंबर आणि तिचा मित्र डाल शहर सोडून खेड्यात जायला निघालेले. जॅक हा यंत्रांत डोके घालणारा पोरगा मॉलमध्ये आधीपासून लपलेला. ब्रे आपल्यासोबत ट्रूडीला घेऊन येतो, तिचे दिवस भरत आलेले. आणि लेक्स, रायन, झँड्रा हे तिघे तर दांडगाई करतच आत शिरतात. यातले कोणी कोणाला निवडलेले नाही. भाड्याच्या चाळीत शेजारी निवडता येत नाहीत, तसेच हे. अंबर पुढारीपण करते, लेक्सला ते खपत नाही. सालीन सगळ्यांचे करते आणि स्वतः मात्र खाण्याच्या विकाराने आतून पोखरत जाते, हे फार दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. घरोघरी अशी एक बाई असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

नायक कोण? पणतीला विचारले तर ती क्लोई म्हणते, कारण क्लोई तिच्या वयाची. नात म्हणते, तिला लहानपणी अंबर आवडायची, आता एबनी कळते. मला पहिल्या दिवसापासून लेक्स. उर्मट, घमेंडखोर, पण प्रसंगाला उभा राहणारा. एकाच कोचावर तीन पिढ्या आणि तिघींची तीन माणसे. मालिका टिकते ती यामुळे. एका नायकावर उभी असलेली गोष्ट नायक कंटाळवाणा झाला की कोसळते. इथे तुमचे माणूस आज पडद्यावर नसले तरी तुम्ही बसून राहता, कारण ते घरातच कुठेतरी आहे, उद्या दिसेल. दहाव्या माणसाची किंमत आपल्या लोकांइतकी कोणाला ठाऊक? तो विद्वान नसेल, गाता येत नसेल, पण तो आला की मिन्यान झाला.

मला ठाण्याचे दिवस आठवले. आम्ही इस्राएलला यायच्या आधी, 1984 साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागे, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेले. आमच्या मजल्यावर एकच टीव्ही. सगळी दारे उघडी टाकून माणसे तिथे जमत. बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे, दारू पिणारा बाप, सोसणारी आई, वर आजी-आजोबा. तिथेही ज्याचे त्याचे माणूस वेगळे होते. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. ‘द ट्राइब’मध्ये हा आजोबाच नाही. शहाणपणाचे चार शब्द सांगायला कोणी मोठे माणूस उरलेलेच नाही. पोरे चुकतात, आणि चुकली हे त्यांना त्यांनीच शोधून काढावे लागते. लेक्स आणि झँड्राचे लग्न लागते तेव्हा ते लावणारी सगळी पोरेच. पाठीशी एकही वडीलधारे नाही. पणती हसत होती. मला मात्र हसू आले नाही.

विज्ञानकथेच्या मालिकांत सगळ्यांना माहीत असलेले नाव ‘स्टार ट्रेक’चे. 1966 ते 1969, 79 भाग. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिसरे पर्व मिळवले, इतकी त्यांची निष्ठा. त्यातला स्पॉक, म्हणजे लेनर्ड निमॉय, आपलाच. बोटे दुभंगून तो जो नमस्कार करतो, तो त्याने लहानपणी बॉस्टनच्या सिनगॉगमध्ये कोहेनीम आशीर्वाद देताना चोरून पाहिला होता, हे त्याने स्वतः सांगितले आहे. पण ती मालिका तीन पुरुषांची. कर्क, स्पॉक आणि डॉक्टर बोलतात, बाकीची मंडळी आपापल्या मेजाशी बसून ‘होय कप्तान’ म्हणतात. जहाजावर हुद्दे असतात, कोण वर कोण खाली हे ठरलेले असते. मॉलमधल्या पोरांचे तसे नाही. तिथे रोज सकाळी नव्याने ठरवावे लागते की पाणी कोण आणणार आणि कोणाचे कोण ऐकणार. भांडणाला अंत नाही, म्हणून 260 भागांना पुरते.

आता मला ज्या गोष्टीबद्दल खरे लिहायचे आहे तिच्याकडे येते. ती म्हणजे झूट.

झूट हा लोको नावाच्या दांडग्या टोळीचा म्होरक्या. सुरुवातीला शहर त्याच्या धाकात. पण तो फार टिकत नाही. पहिल्या पर्वाच्या आरंभीच तो मॉलमध्ये येतो, लेक्सशी झटापट होते, वरच्या मजल्यावरून खाली पडतो आणि मरतो. मी म्हटले, झाले, खलनायक गेला. पण मालिकेने त्याला सोडले नाही. दुसऱ्या पर्वात एक नवा पंथ उगवतो. त्याचा पुढारी स्वतःला रखवालदार म्हणवतो, आणि हे लोक मेलेल्या झूटची देव म्हणून पूजा करतात. त्याच्या नावाने शहर ताब्यात घेतात. ट्रूडीला ते परममाता ठरवतात आणि तिच्या तान्ह्या मुलीला, ब्रेडीला, दैवी बालक. का, तर ती झूटची मुलगी.

इथे हा मोठा गोतावळा कामाला येतो. प्रेक्षकाला माहीत आहे की झूटचे खरे नाव मार्टिन. ब्रेचा तो सख्खा धाकटा भाऊ. ट्रूडीला तो मुलीचा बाप म्हणून माहीत आहे. एबनीला प्रियकर म्हणून, आणि ती त्याच्याच टोळीतली. लेक्सला माहीत आहे की त्याच्या हातून तो मेला. म्हणजे एका पोराच्या चार खऱ्या आठवणी एकाच छपराखाली आहेत, आणि बाहेर हजार परके त्याचा खोटा देव करून नाचत आहेत. ब्रेच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मला फार लागले. भावाला शिव्या ऐकाव्यात तर सोसवते, पण त्याला भलताच कोणी करून टाकलेले कसे सोसावे? आणि ट्रूडी त्या पंथाच्या नादी लागून आपली स्वतःचीच आठवण विसरत जाते, ते तर पाहवत नाही. अँटोनिया प्रेबल या मुलीने ते काम केले आहे. पुढे न्यूझीलंडमध्ये ती मोठी नटी झाली, ‘आउटरेजस फॉर्च्युन’मुळे घरोघरी पोचली. त्याची खूण इथेच दिसते.

एकट्या नायकाच्या गोष्टीत हे जमलेच नसते. माणूस गेल्यावर तो खरा कसा होता हे सांगायला एक साक्षीदार पुरत नाही. चौघे लागतात, आणि त्या चौघांचे एकमेकांशी पटत नसले तर आणखी बरे. पहिल्या पर्वापासून बसून राहिलेला प्रेक्षक हा पाचवा. नव्याने पाहायला बसलेल्याला रखवालदाराचे बोलणे खरेही वाटेल. आपल्याला वाटत नाही, कारण आपण तिथे होतो. माझ्या नातीची निष्ठा म्हणजे काय ते मला इथे कळले.

पण मालिकेने हे भांडवल नीट सांभाळले असे मला म्हणता येत नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी स्फोटात झँड्रा मरते, पोटात मूल असताना. अंबरही मेली असे सगळे समजतात. तो शोक मालिका खरोखर करते. लेक्स कितीतरी भाग भानावर येत नाही, आणि पुढे त्याने ताई-सानशी लग्न केले तरी झँड्रा आपल्या मनातून जात नाही. अंबर तिसऱ्या पर्वात परत येते तेव्हा आमच्या कोचावर टाळ्या पडल्या. नातीला तर आधीच माहीत होते, तरी तिच्या डोळ्यांत पाणी. हे चांगले.

वाईट ते असे. पॅट्सीचा भाऊ पॉल, तो बहिरा मुलगा, मध्येच नाहीसा होतो. कोणी दोन दिवस शोधल्यासारखे करतात आणि मग त्याचे नावही निघत नाही. भाबडा, दणकट रायन, ज्याच्यावर कोणाचाही जीव जडेल, तोही जातो तो परत येत नाही. नट मंडळी वाढत्या वयाची, कोणाची शाळा, कोणाला दुसरे काम. ती सोडून जाणार हे समजते. पण लेखकांनी घरातल्यांच्या तोंडी चार वाक्ये घालायला काय हरकत होती? पणती पाच-सहा दिवस रोज विचारत होती, “पॉल कुठे गेला?” मी तिला काय सांगणार? नातीने सांगितले की लहानपणी तीही हेच विचारत होती, आणि अजून उत्तर मिळालेले नाही.

चौथ्या पर्वात टेक्नो नावाची यंत्रवाली टोळी येते आणि एकदम पुष्कळ नवे चेहरे. ब्रे निघून गेलेला. नव्यांत राम नावाचा त्यांचा म्होरक्या (हा आपला राम नव्हे) बरा रंगवला आहे, पण बाकीच्यांची नावे मला शेवटपर्यंत राहिली नाहीत. घरात पाहुणे एकेक करून यावेत. आठवडाभर राहिले की घरचे होतात. पंधरा एकदम आले तर घराची धर्मशाळा होते. त्या पर्वात मी एबनी आणि लेक्स यांच्यासाठी बसून राहिले. ही दोघे पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत. एबनीचे काम मेरिल कॅसीने केले आहे, शीर्षकगीतही तिचेच. ही पोरगी कधी शत्रू, कधी घरची, कधी दोन्ही एकाच दिवशी. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे 260 भागांनंतरही मला ठरवता आले नाही, आणि म्हणूनच ती कंटाळवाणी होत नाही.

आणखी एक खटकले ते सांगते. पोरे गालावर, कपाळावर रेघा काढतात, दिसायला सुरेख. पण ज्या भूमीवर हे चित्रण झाले तिथल्या माओरी लोकांत चेहऱ्यावरचे गोंदण म्हणजे वंशावळ, कूळ. ते कमवावे लागते. त्यांच्याकडे कुटुंबाला ‘फानाऊ’ म्हणतात, त्यात काका, मामा, आते, मेलेले पूर्वज सगळे धरलेले. टोळीची, घराची इतकी मोठी शिकवण दाराशी असताना मालिकेने फक्त रंग उचलला असे मला वाटते. मुलीच्या शेजारी एक माओरी आजी राहतात, त्यांना हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, “पोरांची गोष्ट आहे, सोडा.” पण हसल्या नाहीत.

शेवटी दुसऱ्या रोगाच्या भीतीने सगळे शहर सोडून होडीत बसतात आणि समुद्रात निघतात. तिथेच 2003 साली मालिका थांबली. पुढचे पर्व झाले नाही. होडी दूर जाऊ लागली तेव्हा पणती उठून पडद्याजवळ गेली आणि बोटाने एकेक डोके मोजू लागली. एकदा मोजले, पुन्हा मोजले. मग म्हणाली, “बॉब नाही.” कुत्रा! तो कधीचाच गेला होता, आम्हा दोघींच्या ध्यानातही नव्हते.

कोणाला पाहायची झाल्यास पहिली तीन पर्वे पाहा, चौथे भरभर, पाचवे तब्येत सांभाळून. उच्चार न्यूझीलंडी आहेत, ‘ए’ची जागा ‘ई’ घेते, तेव्हा खाली इंग्रजी अक्षरे लावून घ्या. मारामारी आहे, पण रक्त फारसे नाही. नातवंडे जवळ असतील तर एकट्याने पाहू नका. आणि पॉल कुठे गेला हे कोणाला कळले तर मला जरूर लिहा. वेलिंग्टनला एक मुलगी वाट पाहते आहे, तिची आईही.