ऐकणाऱ्याचा अपराध

संकटात सापडलेल्या माणसाने पोलिसांना केलेला दूरध्वनी ध्वनिमुद्रित होतो आणि पुढे कधीतरी तो जगाच्या कानी पडतो. अशा ध्वनिमुद्रणात चेहरा नसतो. जे दिसत नाही ते ऐकणारा आपल्या मनाने भरून काढतो. अमेरिकेतील एका अपहृत स्त्रीचे असेच ध्वनिमुद्रण दिग्दर्शक गुस्ताव मोलर यांच्या ऐकण्यात आले आणि त्यातून २०१८ साली 'डेन स्किल्डिगे' हा डॅनिश चित्रपट जन्मास आला. हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. डॅनिश भाषेत 'स्किल्डिग' या एकाच शब्दात दोषी आणि देणे लागणारा असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. दोषी कोण आणि कोण कोणाचे देणे लागतो, हे दोन प्रश्न चित्रपटभर एकमेकांत गुंतलेले राहतात.

सुमारे ८५ मिनिटांचा हा चित्रपट पोलिसांच्या आपत्कालीन दूरध्वनी केंद्राबाहेर पाऊलही टाकत नाही. आस्गर होल्म हा गस्तीवरून हटवलेला पोलीस तेथे दूरध्वनी घेत बसला आहे. त्याच्या गोळीने एक तरुण मेला आहे, दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात उभे राहायचे आहे आणि त्याचा सहकारी त्याच्यासाठी खोटी साक्ष देणार आहे. इतक्यात ईबन नावाच्या स्त्रीचा दूरध्वनी येतो. आपण लेकीशी बोलत आहोत असे भासवून ती पोलिसाशी बोलते आहे. आस्गरला उमगते, की हिला कोणीतरी मोटारीतून पळवून नेत आहे. तिला मोकळेपणी बोलता येत नाही, म्हणून तो 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारू लागतो.

आमच्या मते चित्रपटाचे मर्म याच प्रश्नांत आहे. ज्याचे उत्तर केवळ 'होय' असू शकते, त्या प्रश्नात विचारणाराच कथा रचत असतो. ईबन बिचारी होकार देत जाते आणि आस्गरच्या मनात एक दुष्ट नवरा आकार घेतो. त्या नवऱ्याच्या नावावर पूर्वीचा गुन्हा आहे हे कळताच शंकेला जागाच उरत नाही. प्रत्यक्षात ईबनचे मन आजाराने पुरते ग्रासलेले आहे. त्या भ्रमात तिच्या हातून तान्हा ऑलिव्हर मृत्यू पावला आहे आणि नवरा तिला मनोरुग्णालयात घेऊन निघाला आहे. आस्गरने मात्र त्याच्यावर विटेने प्रहार करण्याचा सल्ला तिला देऊन ठेवला आहे! वाचकहो, येथे प्रेक्षकालाही मान खाली घालावी लागते. कारण निवाडा करण्याची घाई त्यानेही केलेली असते.

शेवटी ईबन जीव देण्यासाठी एका पुलावर उभी राहते. तिला थोपवताना आस्गरजवळ उपदेशाचे शब्द उरत नाहीत. तू ते जाणूनबुजून केले नाहीस, मी मात्र जाणूनबुजून मारले, अशी कबुली तो सहकाऱ्यांच्या देखत देतो. कुमसाराच्या जाळीआडही चेहरा दिसत नाही, केवळ आवाज असतो. पण येथे जाळीच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली आहे. पोलीस पाप सांगतो आणि मनाने भंगलेली स्त्री ते ऐकून घेते. कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही (१९९२) सांगते, की गंभीर मानसिक व्याधीने माणसाची नैतिक जबाबदारी कमी होते. दुःखद कृत्य आणि दोष यांतील हा भेद एवढ्या स्पष्टपणे मांडणारा चित्रपट आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे.

२०२१ साली अँटवान फुक्वा यांनी याची अमेरिकन आवृत्ती काढली. तीत बाळ वाचते आणि पोलिसाने गुन्हा कबूल केल्याची वार्ता अखेरीस ऐकू येते. प्रेक्षकाचे समाधान होते खरे, पण ओझे हलके केले जाते. मूळ चित्रपटात आस्गर दाराशी उभा राहून कोणालातरी दूरध्वनी लावतो. तो कोणाला, हे सांगितले जात नाही. ते मौन आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते.

तथापि एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. ईबनचा आजार येथे कथेला धक्कादायक वळण देण्यापुरता वापरला आहे. त्या रात्रीपूर्वीची ईबन आपल्याला भेटत नाही. चित्रपट आजाराचे नावही घेत नाही. त्यामुळे मनोरुग्ण माता म्हणजे घरातील धोका, असा समज घेऊन एखादा प्रेक्षक उठेल, अशी भीती वाटते. बाळंतपणानंतर हजारी एकदोन मातांना तीव्र मनोविकार होतो आणि वेळीच उपचार झाल्यास तो बरा होतो, हे आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवे. 'घरातली गोष्ट घरातच' म्हणून आपणही अशी दुखणी झाकून ठेवतो आणि मग मदतीची हाक पोलिसांपर्यंत जाते ती अगदी शेवटच्या घटकेला.

डेन्मार्कप्रमाणे आपल्याकडेही आता ११२ हाच आपत्कालीन क्रमांक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. मनाच्या दुखण्यासाठी २०२२ पासून १४४१६ ही टेलिमानस सेवाही आहे. सोयी झाल्या, कान मात्र आपले आपणच तयार करायचे असतात. गेरसेकरांच्या प्रदेशातील त्या माणसाला लोकांनी साखळदंडांनी जखडले होते. प्रभू येशूने त्याला त्याचे नाव विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. आस्गरला हे फार उशिरा कळते. आपल्याला ते आधी कळावे, म्हणून हा चित्रपट प्रौढ वाचकांनी अवश्य पाहावा, आणि शक्य तर घरातल्यांसोबत बसून त्यावर बोलावे.